कोणाच्या मालकीचा? : 'प्रोप्रायटरी' या विशेषणाचा भंडारा जिल्ह्यातील इतिहास

काही इंग्रजी विशेषणे कोशात सहज सापडतात, पण त्यांचा अर्थ कोश मिटल्यावरच कळू लागतो. 'प्रोप्रायटरी' हे त्यांपैकी एक होय. याच कुळातील 'प्रोप्रायटर' हे नाम आपल्याकडे केव्हाच मराठी झाले आहे. गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर मालकाच्या नावाआधी 'प्रो.' ही अक्षरे असतात, आणि महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या नावाआधीही तीच अक्षरे असल्यामुळे दोघांत क्वचित विनोदी गोंधळही होतो. विशेषण मात्र पाटीवर कधी आले नाही. ते कायद्याच्या नावात, जमाबंदीच्या अहवालात, न्यायनिवाड्यात राहिले, आणि अलीकडे संगणकाच्या आज्ञावलींसंबंधी बोलताना पुन्हा कानावर पडू लागले. विद्यार्थ्याने अर्थ विचारला की आपण 'मालकीचा' किंवा 'स्वामित्वविषयक' असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे हे पाहायचे असेल तर भंडारा जिल्ह्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. या जिल्ह्याने हे विशेषण सुमारे नव्वद वर्षे प्रत्यक्ष जमिनीवर वापरून पाहिले आहे.

प्रथम व्याकरणाचा एक लहानसा मुद्दा. मराठीत 'मालकीचा' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. 'हे शेत मालकीचे आहे' एवढे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, 'कोणाच्या?' रामाच्या मालकीचे, गावाच्या मालकीचे, सरकारच्या मालकीचे, अशी षष्ठी जोडल्याशिवाय वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. मराठी विशेषण मालकाचे नाव मागते. इंग्रजी विशेषण ते मागत नाही. 'प्रोप्रायटरी राइट' असे म्हटले की एक हक्क तयार होतो. तो कोणाचा, कोणाकडून आलेला, कोणाच्या विरुद्ध चालणारा, हे प्रश्न त्या शब्दात येतच नाहीत. धारक नंतर शोधता येतो. आधी हक्क, मग माणूस. मराठी आणि इंग्रजी विशेषणांतील हा फरक वरवर पाहता वर्गातल्या फळ्यावरचा आहे, परंतु एका जिल्ह्याच्या इतिहासात त्याने मोठे काम केले आहे.

शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. लॅटिनमध्ये 'प्रोप्रिउस' म्हणजे स्वतःचा. त्यापासून मालमत्ता या अर्थाचा 'प्रॉपर्टी', उचित या अर्थाचा 'प्रॉपर' आणि औचित्य या अर्थाचा 'प्रोप्रायटी' हे शब्द इंग्रजीत आले. सतराव्या शतकातील इंग्रजीत 'प्रोप्रायटी' हा शब्द मालमत्ता या अर्थानेही चालत असे. जे स्वतःचे ते उचित, अशी ही नातेवाईक शब्दांची ओळ आहे. गमतीची गोष्ट अशी की 'प्रोप्रायटरी' हा शब्द नाम म्हणून मध्ययुगात अशा ख्रिस्ती साधूंसाठी वापरला जाई, ज्यांनी अपरिग्रहाचे व्रत मोडून खाजगी वस्तू बाळगल्या. म्हणजे एके काळी तो दोषाचा शब्द होता. पुढे अमेरिकेतील मेरिलँड, पेनसिल्व्हेनियासारख्या वसाहती इंग्लंडच्या राजाने एकेका कुटुंबाला बहाल केल्या, तेव्हा त्यांना 'प्रोप्रायटरी कॉलनी' म्हणू लागले. राजाने कागदावर एक विशेषण दिले आणि ज्या भूमीवर दुसरेच लोक राहत होते ती एखाद्या घराण्याची झाली. भंडाऱ्याची गोष्ट याहून फार निराळी नाही.

आपल्या परंपरेतही 'स्व' या शब्दाभोवती हाच विचार पूर्वीपासून झालेला आहे. 'स्वामी' हा शब्द 'स्व'पासून, ऐश्वर्य या अर्थी, सिद्ध होतो असे पाणिनी सांगतो. मीमांसकांनी विश्वजित् यागाच्या निमित्ताने याच शब्दाची कठोर तपासणी केली. या यागात यजमानाने स्वतःचे सर्व दान करायचे असते. मग सर्वस्व म्हणजे काय काय? आईवडील 'माझे' आहेत म्हणून ते देता येतील का? सार्वभौम राजा यजमान असेल तर पृथ्वी देता येईल का? मीमांसेचे उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांना समान आहे. सतराव्या शतकात, पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी 'व्यवहारमयूख' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. दुसऱ्याचे राज्य जिंकणाऱ्या राजाला काय मिळते, असा त्यांचा प्रश्न आहे. हरलेल्या राजाची स्वतःची घरे, शेते, द्रव्य यांवर जेत्याचे स्वामित्व येते. पण जेथे त्या राजाला केवळ कर घेण्याचा अधिकार होता तेथे जेत्यालाही तेवढाच अधिकार मिळतो. गावांतील शेतांचे स्वामित्व भूमिधारकांकडेच राहते. म. म. पां. वा. काणे यांनी या ग्रंथाचे संपादन केल्यामुळे तो आधुनिक वाचकांच्या हाती आला. नीलकंठांचा हा भेद, कर घेण्याचा अधिकार वेगळा आणि स्वामित्व वेगळे, पुढील हकिकतीत लक्षात ठेवावा.

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारल्यावर डलहौसीने दत्तकाचा प्रश्न बाजूला सारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. भोसल्यांच्या काळात गावचा वसूल पाटलाकडे असे. तो गाव मक्त्याने घेई, रयतेकडून वसूल करी, सरकारात भरणा करी. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. पाटलाला मान होता, उत्पन्न होते, गावावर वजन होते. पण गाव त्याचे 'स्व' होते असे म्हणणे त्याला स्वतःलाही धाडसाचे वाटले असते. या वसूलदारासाठी वापरला गेलेला 'मालगुजार' हा फारसी घडणीचा शब्दही तेच सांगतो. 'माल' म्हणजे सरकारी सारा आणि 'गुजार' म्हणजे तो भरणारा. एच. एच. विल्सन यांच्या १८५५ च्या महसुली शब्दकोशातही त्याचा अर्थ सारा भरणारा असाच आहे. शब्दात मालकी कोठेही नाही. मराठी वाचकाला 'माल' आणि 'मालक' हे शब्द एकाच कुळातले वाटतात, आणि अरबीत ते एका धातूकडे जातातही की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी, मालगुजार हा भरणा करणारा होता, धनी नव्हता.

१८६० च्या दशकात मध्य प्रांतात तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी झाली, तेव्हा या भरणा करणाऱ्याला 'प्रोप्रायटरी राइट' देण्यात आला. या निर्णयामागे वायव्य प्रांतातील जमाबंदीचा नमुना होता, तसेच गावात एक स्थिर, जबाबदार आणि सरकारशी बांधलेला वर्ग असावा ही इच्छाही होती. मालक असेल तर तो जमीन सुधारील, तलाव दुरुस्त करील, दुष्काळात रयतेला सांभाळील, अशी अपेक्षा होती. बेडन-पॉवेल यांनी १८९२ च्या आपल्या तीन खंडांच्या ग्रंथात मध्य प्रांतातील मालगुजारांचे स्वामित्व ही इंग्रजी जमाबंदीची निर्मिती असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे राज्यकर्त्यांनाही हे माहीत होते की विशेषण आधीपासून असलेल्या वस्तूचे वर्णन करीत नव्हते, ते वस्तू घडवीत होते. नीलकंठांच्या परिभाषेत सांगायचे तर, ज्यांच्याकडे भोसल्यांकडून केवळ कर घेण्याचा अधिकार आला होता त्यांनी स्वामित्व वाटले.

पण विशेषण एकट्यालाच देऊन भागले नाही. ज्या जुन्या कास्तकारांचा आपल्या जमिनीवरचा हक्क फारच बळकट होता त्यांना त्यांच्या तुकड्यापुरते मालक मानावे लागले. ते 'मालिक मकबूजा' झाले. त्यांच्याखाली 'मौरूसी मुतलक', त्याखाली 'मौरूसी', त्याखाली साधे कास्तकार, अशी पायऱ्यांची उतरंड तयार झाली. यांतील प्रत्येक नाव हे एक विशेषणच आहे आणि प्रत्येकाने एकेका कुटुंबाचे भवितव्य ठरवले. मालगुजाराच्या खास वहितीच्या जमिनीला 'सीर' आणि 'खुदकास्त' ही नावे होती. धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या माणसाला आपण कोणत्या विशेषणाखाली येतो हे माहीत असणे आवश्यक झाले, कारण बेदखल होणे किंवा न होणे त्यावर अवलंबून होते. व्याकरणाचा तास न घेता जिल्हा विशेषणे शिकला तो असा.

मालकीचा सर्वांत ठळक परिणाम असा झाला की गाव विकता येऊ लागले, गहाण ठेवता येऊ लागले. मक्ता विकता येत नाही, 'प्रोप्रायटरी राइट' विकता येतो. कर्जापायी गावे हातोहात फिरली, आणि ज्याने गाव कधी पाहिलेही नाही असा सावकार त्या गावाचा 'प्रोप्रायटर' होऊ शकला. पडीक, झुडपी जंगल, गावठाण, तलाव हे सर्व मालगुजाराच्या महालात मोडू लागले. त्याच वेळी गावाच्या वहिवाटी अगदी पुसून टाकणे जमाबंदी अधिकाऱ्यांनाही शक्य नव्हते. जळाऊ लाकूड, गुरचरण, तलावाचे पाणी यांविषयीच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' या गावनिहाय कागदात नोंदवल्या गेल्या, आणि गावकऱ्यांच्या या गरजा भागवण्याच्या हक्काला 'निस्तार' हे नाव राहिले. एकीकडे मालकाचे नाव सांगणारे इंग्रजी विशेषण आणि दुसरीकडे मालकाचे नाव न घेता वापराची पद्धत सांगणारा हा कागद, असे दोन दस्तऐवज एकाच गावाबद्दल एकाच कचेरीत राहिले. दोन्ही एकाच वेळी खरे होते.

भंडाऱ्याच्या बाबतीत हा पेच तलावांवर येऊन थांबतो. हा तळ्यांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नवेगाव बांधही भंडाऱ्यातच होता, आणि तो तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. पाळ घालून पावसाचे पाणी अडवणे आणि त्यावर धान व ऊस पिकवणे ही कोहळी समाजाची विद्या. शेजारच्या चांद्याच्या गोंड राजांच्या मुलखात तलाव बांधणाऱ्याला त्याच्या भिजाखालील जमीन देण्याची चाल होती. तिला 'तुकूम' म्हणत, आणि चंद्रपूर शहरात तुकूम हे वस्तीचे नाव आजही आहे. तलावाचे पाणी कास्तकाराचे, मासळी ढिवरांच्या जाळ्यात, पाळीवरचा चारा गुरांना, आणि दुरुस्ती गावाच्या कष्टाने. अशा वस्तूचा 'प्रोप्रायटर' एकच माणूस असतो असे १८६० च्या दशकातल्या कागदाने ठरवले.

स्वातंत्र्यानंतर हे विशेषण काढून घेण्याची वेळ आली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. उत्तर प्रदेशच्या कायद्याने आपल्या नावात 'जमीनदारी' या संस्थेच्या उच्चाटनाचा उल्लेख केला. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मात्र 'प्रोप्रायटरी राइट्स' नष्ट करण्याचे म्हटले, आणि कंसात ज्यांवर ते लागू होत त्या इस्टेटी, महाल व इनामी जमिनी नोंदवल्या. माणूस नव्हे, संस्थाही नव्हे, तर एक विशेषण रद्द करणारा हा कायदा, असे भाषेच्या विद्यार्थ्याने म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. ३१ मार्च १९५१ रोजी हे हक्क राज्याकडे आले. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या नवव्या परिशिष्टात या कायद्याचा समावेश झाला. म्हणून 'प्रोप्रायटरी' हा शब्द आज भारताच्या राज्यघटनेच्या पानांवर आहे. अहेरीच्या जमीनदारांनी या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये फेटाळले. कायद्याने हक्क गमावलेल्या मालकाला 'आउटगोइंग प्रोप्रायटर' म्हटले. मराठीने त्याला 'माजी मालगुजार' म्हटले, आणि नकळत एक दुरुस्ती केली. इंग्रजीने त्याला जाता जाताही मालक म्हटले. मराठीने त्याला पुन्हा सारा भरणारा केले, तोही माजी.

विशेषण रद्द करणे सोपे नसते, कारण त्याचा अर्थ कोठे संपतो हे आधी ठरवावे लागते. तेंदूपानाच्या खटल्यांत ही अडचण उघडी पडली. पूर्व विदर्भात बिडीसाठी लागणारी पाने तोडण्याचे करार व्यापाऱ्यांनी मालगुजारांशी आधीच केलेले होते. हक्क सरकारकडे गेल्यावर ते करार टिकतात का? पान हा तोडलेला माल आहे की जमिनीतील हक्काचा अंश? १९५३ मध्ये छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांच्या बाजूने विचार केला. करार मालाचा आहे, जमिनीतील हक्काचा नाही, असे त्या निर्णयाचे सूत्र होते. १९५९ मध्ये महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात न्यायालय दुसऱ्या बाजूला गेले. वर्षानुवर्षे जंगलात शिरून पाने, मोहफुले यांसारखे उत्पन्न घेण्याचा अधिकार हा नुसत्या मालाचा सौदा नव्हे, तो मालकाच्याच हक्काचा भाग होता, म्हणून मालकीबरोबर तोही गेला. तेच पान, तोच कायदा, तेच विशेषण, आणि सहा वर्षांत दोन अर्थ. शब्दाचा अर्थ वापरात असतो हे विधान आपण वर्गात तत्त्वज्ञान म्हणून शिकवतो. येथे त्यावर पाने तोडणाऱ्यांचा हंगाम अवलंबून होता.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तलावांची देखभाल सरकारी विभागांकडे व पुढे जिल्हा परिषदांकडे गेली. त्यांना कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले, आणि बोलण्यात व शासकीय टिपणांतही त्याचे 'मामा तलाव' झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. हे नाव विशेषणांच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'माजी' कोणाचे विशेषण? तलाव तर माजी नाही, त्यात पाणी आहे. माजी आहे तो मालगुजार. आणि 'मालगुजारी' हे विशेषण तरी खरे किती? अठराव्या शतकातला तलाव १८६० च्या दशकातील हक्कावरून ओळखला जातो आहे. ज्या विशेषणाचा कालखंड नव्वद वर्षांचा, त्याने आपल्याआधीची दीडशे वर्षे आणि आपल्यानंतरची सत्तर वर्षे व्यापली आहेत. कोहळ्याचे नाव नाही, ढिवराचे नाही, पाळीवर माती टाकणाऱ्यांचे नाही. अखेरीस आद्याक्षरांच्या जोडणीने आईच्या भावाचे नाव पुढे आले. भाषेने केलेली ही भरपाई म्हणावी की निव्वळ योगायोग, हे प्रत्येकाने ठरवावे. पण त्या जिव्हाळ्याच्या नावाने एक इतिहास झाकला जातो, हे खरे.

हा झाकलेला इतिहास केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नाही. मालगुजार गेला तेव्हा त्याच्या विशेषणाबरोबर त्याची जबाबदारीही गेली. पाळ फुटली तर कोणी बांधावी, गाळ कोणी काढावा, पाणी आधी कोणाच्या बांधीला द्यावे, हे प्रश्न पूर्वी वाजिब-उल-अर्जात आणि रूढीत होते. मालकी सरकारकडे आली आणि गावकऱ्यांचे कष्ट हा तलावाचा भाग आहे ही जाणीव सैल झाली. मालगुजाराचा काळ सुवर्णकाळ नव्हता. वेठ होती, बेदखली होती, आणि हक्क काढून घेणे न्याय्यच होते. प्रश्न वेगळा आहे. कायद्याने 'प्रोप्रायटरी' हे विशेषण एका नामापासून सोडवून दुसऱ्या नामाला जोडले, मालगुजाराऐवजी राज्याला. विशेषणाच्या अर्थाची फेरतपासणी झाली नाही. तलाव ही 'स्व' होऊ शकणारी वस्तू आहे का, हा मीमांसकांचा प्रश्न १८६० च्या दशकात विचारला गेला नाही आणि १९५० मध्येही नाही. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे शब्द १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही आहेत. त्या पानांकडे आपले लक्ष कमी जाते एवढेच.

भाषेच्या शिक्षकाला यातून घेण्यासारखे काय आहे? दुर्मीळ, औपचारिक विशेषण शिकवताना आपण बहुधा समानार्थी शब्द देतो आणि एक वाक्य करून दाखवतो. त्याऐवजी त्या विशेषणाला नामे जोडून पाहावीत : प्रोप्रायटरी वसाहत, प्रोप्रायटरी हक्क, प्रोप्रायटरी आज्ञावली. प्रत्येक ठिकाणी, या शब्दाआधी येथे कोण होते आणि या शब्दानंतर कोण बाहेर राहिले, हे विचारावे. आज्ञावलीच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू पडतो. अनेकांच्या ज्ञानावर उभी राहिलेली वस्तू एका कंपनीची 'स्व' कशी झाली? 'मालकीचा' म्हणताच 'कोणाच्या?' असे विचारण्याची मराठीची सवय इंग्रजी शिकताना अडाणीपणाची वाटते, आणि चांगला अनुवादक ती षष्ठी गाळायला शिकतो. भंडाऱ्याच्या तळ्यांचा इतिहास पाहिल्यावर असे वाटते की अनुवादात ती गाळावी लागली तरी विचारात ती गाळू नये.